आधीचे चार महिने

हवालदार दारात आला तेव्हा आई गणवेशाच्या शर्टांना काजं करत बसली होती. तिने मान वर न करता सांगितलं, "माप द्यायचं असेल तर दुपारनंतर या."

"माप नाही बाई, कागद द्यायचाय," तो म्हणाला. मग तिने वर पाहिलं.

कागद माझ्या धाकट्या मामाच्या नावाचा होता. कोर्टात त्याने पत्ता आमच्या घराचा दिला होता, कारण तो स्वतः दुकानाच्या पोटमाळ्यावर राहायचा आणि पोटमाळ्याला कोण पत्ता देतो? हवालदार माणूस बरा होता. आईने दिलेलं पाणी प्यायला, पेला जागेवर ठेवला आणि म्हणाला, "मुलीची पोटगी अकरा महिने थकली आहे. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेपर्यंत भरली नाही तर मला परत यावं लागेल. आणि तेव्हा मी पाणी प्यायला थांबणार नाही."

तो गेल्यावर आई कितीतरी वेळ सुईत दोरा ओवत राहिली. दोरा काही ओवला जाईना. शेवटी ती मला म्हणाली, "अकरा महिने. आणि दर रविवारी माझ्यासमोर बसून जेवतोय."

मी तेव्हा एका शाळेच्या कार्यालयात कारकून होते. कागद वाचणं, नकला काढणं, तारखा लावणं हे माझं रोजचं काम. म्हणून घरातला कुठलाही कागद शेवटी माझ्याच हातात यायचा. हाही आला.

मामाला सगळे टिचकी म्हणत. तो काचवाला. नवा तक्ता घेताना त्याच्या कडेवर नखाने टिचकी मारायचा, कान जवळ न्यायचा आणि सांगायचा, "ही नको, हिच्या पोटात चीर आहे." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. नाही निघालं तर म्हणायचा, "निघेल, घाई काय आहे." त्याचं दुकान दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचं एवढंच रुंद. आत भिंतीला टेकवलेले तक्ते, मध्ये जाड लोकर ताणून बसवलेलं मोठं टेबल, आणि रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेलं कटर. तो पट्टी न सरकवता एका दमात रेघ ओढायचा, तक्ता टेबलाच्या काठावर आणून दाबायचा, आणि काच रेघेवरून दुभंगायची. बघताना वाटायचं, यात काय आहे. मी एकदा करून बघितलं. त्या तक्त्याचे पैसे त्याने माझ्याकडून घेतले नाहीत, पण दोन वर्षं त्याची आठवण मात्र करून दिली.

मामी त्याच्यापासून वेगळी झाली त्याला सहा वर्षं झाली होती. मारहाण, दारू असलं काही नव्हतं. दोघंही शब्दाला शब्द न देता तीन-तीन दिवस अबोला धरणारी. अबोल्यावर अबोला चढत गेला आणि एक दिवस घरात बोलायला काही उरलंच नाही. मुलगी, आमची चिमी, तेव्हा चार वर्षांची होती. ती मामीकडे राहिली, आणि मामाने दरमहा पोटगी द्यायची असं ठरलं. मी मात्र मामीला मामीच म्हणत राहिले. घटस्फोट मामाचा झाला होता, माझा नाही. एवढं असूनही मी वर्षातून दोनदा फोन करण्यापलीकडे कधी गेले नाही, हेही खरं.

मामा पाच वर्षं नेमाने पैसे देत होता. मग हे सगळं झालं.

हवालदार येण्याच्या सात महिने आधी एका इमारतीच्या जिन्याची तडकलेली काच काढताना वरचा तुकडा निसटला आणि सरळ त्याच्या उजव्या तळहातावर आला. शिरा तुटल्या. ऑपरेशन झालं, हात बरेच दिवस पट्ट्यात राहिला. पट्टा निघाला तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटेनासं झालं होतं. दोन बोटं वळत नसली तर जड तक्ता धरता येत नाही. तो लहानसहान काचा कापायचा, फोटोच्या चौकटी बसवायचा. बाकी वेळ दुकान उघडून बसायचा.

आई आणि मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. मामाने कागद बघितला. त्याने टेबलावरच्या लोकरीचा कोपरा उचलला. खाली कोर्टाचे आणखी तीन कागद होते, आमच्या पोस्टमनला गाठून त्याने परस्पर घेतलेले, नीट सपाट झालेले.

"तू यांच्यावर काचा कापत होतास?" आईने विचारलं.

"कुठेतरी ठेवायचे होते."

"आम्हाला सांगायला काय झालं होतं?"

मामाने न वळणारी बोटं दुसऱ्या हाताने कुरवाळली. "ताई, हातच असा झाला. कुणाकुणाला काय सांगू?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती येताना खूप काही बोलायचं ठरवून आली होती, ते सगळं गिळून तिने त्याचा शर्ट मागितला, कारण त्याचं एक बटण लोंबत होतं. शर्ट घेऊन आम्ही परत आलो.

रविवारी थोरले मामा आणि थोरली मामी आमच्याकडे आले. थोरले मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. रंग आणि हार्डवेअरचं दुकान, तीन नोकर, आणि प्रत्येक गोष्टीवर पक्कं मत. थोरली मामी त्यांच्या उलट. ती कुठल्याही बैठकीत हाताला काम शोधायची. त्या दिवशी तिने आईचा बटणांचा डबा पुढ्यात ओढला आणि बटणं मापाप्रमाणे वेगळी करायला घेतली.

"काय बाई आहे," थोरले मामा म्हणाले. "नवऱ्याचा हात कापला आणि ही वॉरंट काढते."

"तो तिचा नवरा नाही आता, दादा," आई म्हणाली. "आणि पैसे तिला नकोयत, मुलीला हवेत."

"तेच ते."

"तेच ते नाही."

मामा कोपऱ्यात स्टुलावर बसला होता. तपासणीसाठी आणलेल्या मुलासारखा. मी मधल्या दिवसांत चारही कागद क्रमाने लावले होते, आणि महिन्यांचा हिशेब जुळत नव्हता. न सांगावं तरी पंचाईत, सांगावं तरी पंचाईत. शेवटी मी म्हटलं, "मामा, तुझं ऑपरेशन होऊन सात महिने झाले. थकलेत अकरा. आधीचे चार महिने कसले?"

बटणं पडायचा आवाज थांबला.

मामाने कुणाकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे बघत बोलला, पण स्पष्ट बोलला. "ते मी दिले नाहीत. होते, पण दिले नाहीत."

मग त्याने सांगितलं. चिमीच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. ती दुसरी आली. हे त्याला एका गिऱ्हाइकाने सांगितलं, खिडकीचं माप देता देता, की काचवाले, तुमची मुलगी काय पळते हो. मामीने त्याला कळवलं नव्हतं. तो मान हलवत राहिला, जसं काही त्याला माहीतच होतं. माप चुकीचं लिहून घेतलं.

"म्हटलं, मी नकोय ना, मग माझे पैसेही नकोत. बघू या माझ्यावाचून कसं चालतं ते. पहिल्या महिन्यात वाटलं, फोन येईल. आला नाही. दुसऱ्या महिन्यात वाटलं, आता आपण आधी कशाला करायचा. तिसऱ्या महिन्यात पैसे पाकिटात घालून निघालो होतो, चौकातून मागे फिरलो. चौथ्याच्या शेवटी हात कापला." त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला. "खरं सांगू? दवाखान्यात पडलो होतो तेव्हा जरा सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आता कुणी विचारणार नाही."

आई उठून आत गेली. नळ चालू केल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आला. बाहेर येऊन ती म्हणाली, "हाताचे सात महिने मी समजू शकते. त्या सातांसाठी मी लोकांपुढे पदर पसरेन. आधीचे चार माझ्याच्याने होत नाहीत."

थोरल्या मामांना भावना फार वेळ चालत नसत. ते म्हणाले, "हे बघा, व्यवहाराचं बोलू. तिलाही पैशाची निकड आहे. निम्म्यावर तोड काढा. निम्मे मी देतो, रोख. तिने अर्ज मागे घ्यायचा. हात दाखव तिला, टिचक्या. हात बघून कोण नाही म्हणेल?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. "तू येशील बरोबर?"

मामी रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये काउंटरवर होती. आम्ही दुसऱ्या दिवशी साडेपाचला गेलो. लांबट खोली, भिंतीलगत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रिपोर्टची वाट बघणारी माणसं. कुणी दंडावर कापूस दाबून धरलेला. आणि शेवटच्या खुर्चीत चिमी. दप्तर पायांत धरून, वही मांडीवर घेऊन लिहीत होती. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला काही विचारलं तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "आजी, तुमचा नंबर अठ्ठावीस आहे, अजून सहा जण आहेत. आणि तुम्ही काही खाल्लं नाहीये ना?" सगळं तोंडपाठ.

मामा दारातच उभा राहिला.

चिमीने आम्हाला पाहिलं. ती उठली नाही, पण तिने शेजारच्या खुर्चीवरची पाण्याची बाटली उचलून जागा केली. मामा जाऊन बसला.

"तू रोज इथे असतेस?" त्याने विचारलं.

"शाळा सुटली की. आईच्या दोन ड्यूट्या झाल्यात ना आता. साडेआठला घरी जातो." मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. तिने बोट पुढे केलं, पण लावलं नाही. "हे काय झालं?"

"काच लागली."

"दुखतं?"

"आता नाही."

मामी काउंटर दुसऱ्या मुलीकडे देऊन आमच्याकडे आली. घटस्फोटानंतर तिने मामाला 'तू' म्हणणं सोडून दिलं होतं. तिने आधी हात बघितला. धरून, उलटासुलटा करून, जसा ती दिवसभर लोकांचे हात बघायची तसा.

"हे कधीचं?"

"सात महिने झाले."

"मला कुणी सांगितलं नाही." हे तिने माझ्याकडे बघून म्हटलं, आणि मी खाली बघितलं. "कोर्टात तरी का नाही सांगितलंत? तेव्हाच अर्ज केला असतात तर त्या महिन्यांचं काहीतरी कमी करून दिलं असतं. अजूनही विचारता येईल. मी वकिलांशी बोलते. मला तुम्हाला आत घालायचं नाहीये."

म्हणजे जे मागायला आम्ही आलो होतो ते तिने आपण होऊन समोर ठेवलं. निम्मं नाही, पण बरंच. मी मामाच्या बोलण्याची वाट बघत राहिले. तो चिमीच्या वहीकडे बघत होता. ती पुन्हा लिहायला लागली होती, पण पेन्सिल एकाच शब्दावर फिरत होती.

"नको," मामा म्हणाला. "पूर्ण देतो. बारा तारखेच्या आत." मग आवाज उतरवून म्हणाला, "आणि सगळे महिने हाताचे नाहीत."

"मला माहीत आहे," मामी म्हणाली. "तारखा मलाही कळतात." ती वळली, दोन पावलं गेली, परत आली. "शर्यतीचं सांगायला हवं होतं मी. ते माझं चुकलं." आणि काउंटरवर जाऊन तिने पुढचा नंबर पुकारला.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "पूर्ण कुठून देणार आहेस?" मामा म्हणाला, "ते चार महिने माझे मी बघतो. सातांसाठी ताईच्या पाया पडतो."

आईने पाया पडू दिलं नाही. तिचं मशीन पायाचं होतं आणि तिचे गुडघे गेले होते. मोटरचं मशीन घ्यायचं म्हणून तिने चार वर्षं पै-पै साठवली होती. ते पैसे तिने काढले. सातांपैकी चार महिने त्यात बसत होते. "पण तुझ्या हातात देणार नाही," ती म्हणाली. "मी स्वतः भरणार, पावती मी घेणार. तुझ्या हातावर माझा राग नाही. पाकिटावर आहे."

थोरल्या मामांना निम्म्याचं फिसकटलेलं आवडलं नव्हतं. "मी शब्द टाकला आणि हा तिथे जाऊन उदार झाला. दुसऱ्याच्या जिवावर." ते आमच्या बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. "मग भरा म्हणावं तुमचं तुम्ही."

"मी दुकान विकायला काढतोय, दादा," मामा म्हणाला. "टेबल, तक्ते, हातगाडी, सगळं. नाक्यावरचा काचवाला घेतोय. माझे चार महिने त्यातून निघतात. तुझ्याकडे तीनच मागतोय. आणि ते परत देईन."

"दुकान विकल्यावर परत कशातून देशील? आणि पुढच्या महिन्याची पोटगी? ती काय झाडाला लागते?"

बोलली ती थोरली मामी. ती आईच्या उसवलेल्या गणवेशांचे दोरे ओढत होती, आणि दोरे ओढतच म्हणाली, "आपल्या दुकानात आरसे आणि फ्रेमांसाठी माणूस पाहिजे असं तुम्ही दोन वर्षं रोज जेवताना म्हणताय. मला तर जेवण गोड लागेनासं झालंय."

"तो माझ्या हाताखाली काम करेल?"

"ते त्याला विचारा. मी कशाला सांगू."

थोरले मामा भावाकडे वळले. दोघांनी एकमेकांकडे बघणं टाळलं. मामा वीस वर्षं स्वतःच्या दुकानाचा मालक होता. लहान दुकानाचा, पण मालक. धाकट्या भावाने मोठ्याच्या दुकानात पगारावर उभं राहायचं, आणि तेही ज्या मोठ्याने त्याला कायम "टिचक्या" म्हणूनच हाक मारली, हे सोपं नव्हतं. तो म्हणाला, "करेन. पण माप मी घेणार. तुझी मापं नेहमी एक सूत जास्त असतात."

"बघा," थोरले मामा बायकोला म्हणाले. "अजून नोकरीवर लागला नाही आणि चुका काढतोय." पण त्यांनी धनादेशाचं पुस्तक काढलं.

नऊ तारखेला आई, दोन्ही मामा आणि मी असे चौघं कोर्टात गेलो. खिडकीवर रांग होती. आईने तीन ठिकाणचे पैसे एका पिशवीत घालून पिशवी कमरेला बांधली होती, आणि रांगेत मामा पुढे उभा राहिला तरी पिशवी तिने सोडली नाही. कारकुनाने आकडा दोनदा तपासला, शिक्का मारला, पावती सरकवली. एवढ्यासाठी आपण महिनाभर झोपलो नाही, असं वाटण्याइतकं ते झटकन झालं. मामी दुसऱ्या बाकावर बसली होती. तिने पावतीची नक्कल घेतली, पर्समध्ये ठेवली आणि आईला म्हणाली, "ताई, गुडघे कसे आहेत?" आई म्हणाली, "आहेत जागेवर." तेवढंच बोलणं झालं, पण सहा वर्षांत तेवढंही झालं नव्हतं.

मामा थोरल्या मामांच्या दुकानात लागला आणि तिथल्याच माळ्यावर राहायला गेला. पहिले दोन महिने दोघं रोज भांडले. आरसा कुठे ठेवायचा यावरून, गिऱ्हाइकाशी कोण आधी बोलणार यावरून, चहा साखरेचा की बिनसाखरेचा यावरून. तिसऱ्या महिन्यात थोरल्या मामांनी फ्रेमांचा कोपरा त्याच्यासाठी मोकळा करून दिला आणि तिकडे फिरकणं बंद केलं. पगाराच्या दिवशी पोटगी आधी जायची, परस्पर. मग आईचा हप्ता, मग थोरल्या मामांचा. उरेल ते मामाचं. आईचे पैसे फिटायला दोन वर्षं लागली आणि तोवर तिने पायानेच मशीन चालवलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही. पण मी तिच्या गुडघ्यांना रोज तेल लावायचे, मला माहीत आहे. मामालाही माहीत होतं. दुपारी सुट्टीत येऊन तो तिचे गणवेश गठ्ठे बांधून शाळेत पोचवायचा, डाव्या हाताने आणि दातांनी गाठी मारत.

मामीची दुसरी ड्यूटी सुटली. शनिवारी दुपारी चिमी दुकानात यायला लागली.

एका शनिवारी मामाने तिला आधीच्या चार महिन्यांचं सांगितलं. कुणी सांगायला लावलं नव्हतं. आईने तर नंतर त्याला फैलावर घेतलं, की दहा वर्षांच्या पोरीला हे सांगायची काय गरज होती. तो म्हणाला, "तिला वाटत होतं सगळं हातामुळे झालं. हाताची फार काळजी करायची ती. मला ते बघवेना."

चिमीने ऐकून घेतलं होतं. दप्तर उचललं आणि घरी गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मामाने फोन केला नाही, पण पैसे वेळेवर गेले. त्या दोन आठवड्यांत त्याने तीन आरसे चुकीचे कापले, आणि थोरल्या मामांनी, आयुष्यात पहिल्यांदा असेल, त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

तिसऱ्या शनिवारी ती आली. काउंटरखालून वाकून आत शिरली, स्टूल ओढलं आणि वही त्याच्यापुढे टाकली. चेहरा अजून फुगलेलाच होता.

"क्षेत्रफळ येत नाही मला," ती म्हणाली. "बाईंनी दहाच्या दहा गणितं चूक दिलीयत."

मामाने वही जवळ ओढली. पेन्सिल डाव्या हातात घेतली, कारण उजव्याने अजून अक्षर नीट येत नव्हतं, आणि म्हणाला, "हे बघ, ही खिडकी समज."